स्कापा फ्लोमधलं उलटं पडलेलं जहाज, नेमकं बघायचं काय?

खोलपाणी:
गेल्या महिन्यात स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांवर जाऊन आलो, तिथल्या स्कापा फ्लो या खाडीत चार दिवस बुडालेल्या जहाजांवर डायव्हिंग. किती वर्षं मनात होतं. पण खरं सांगतो, मी जरा खट्टू होऊन परत आलोय आणि इथे कोणी तिथे डाइव्ह केल्या असतील तर मला मदत करा.

क्रोनप्रिन्झ विल्हेल्म या जर्मन युद्धनौकेवर दोन डाइव्ह मिळाल्या. शॉटलाइन (बोटीवरून जहाजापर्यंत सोडलेली दोरी) धरून खाली गेलो, हिरवट अंधार, पाचसहा मीटरच्या पुढचं काही दिसेना, आणि मग समोर एकदम भिंत. गंजलेली, प्राणी चिकटलेले, वर कुठे संपते खाली कुठे संपते कळत नाही अशी भिंत. वीस मिनिटं तिच्या कडेकडेने पोहलो. मधे एक प्रचंड भगदाड लागलं, पत्रे बाहेर वाकलेले, बडीने (डाइव्हमधल्या जोडीदाराने) आत जाऊया का म्हणून खूण केली, मी नाही म्हटलं. मग डाइव्ह काँप्युटरवर वेळ संपत आली आणि वर आलो. दुसरी डाइव्ह पण तशीच. बोटीवरच्या ब्रीफिंगमधे जहाज उलटं आहे आणि थंडी सांभाळा, एवढंच सांगितलं होतं.

याआधी मी लाल समुद्रात थिसलगॉर्म हे बुडालेलं मालवाहू जहाज केलंय. तिथे होल्डमधे शिरलं की मोटरसायकली, ट्रक, बुटांचे ढीग, सगळं डोळ्यासमोर, कोणी समजवून सांगायची गरजच नाही. इथे मी पहिल्या महायुद्धात जटलंडच्या समुद्री लढाईत असलेल्या युद्धनौकेला हात लागेल इतक्या जवळ होतो आणि मला काहीही कळलं नाही, याचं वाईट वाटतंय.

तर प्रश्न असे की ते भगदाड लढाईतलं का, तिन्ही मोठी जहाजं उलटीच का पडली, आणि पुढच्या वर्षी परत गेलो तर आत जावं का, म्हणजे खरं बघण्यासारखं सगळं आतच आहे का?

इतिहासवेडी:
खट्टू होऊ नका, पहिल्यांदा गेलेल्या बऱ्याच जणांचं असंच होतं. हे जहाज आधी कागदावर उलटं करून बघावं लागतं, मगच पाण्यात दिसतं.

आधी भगदाडाचं सांगते. ते लढाईतलं नाही. क्रोनप्रिन्झला जटलंडमधे (३१ मे १९१६) एकही गोळा लागला नव्हता. रांगेत पुढे असलेल्या क्योनिगला दहा लागले, ही सुटली. त्याच वर्षी नोव्हेंबरमधे जे-१ नावाच्या ब्रिटिश पाणबुडीने तिला टॉर्पेडो मारला, पण ती बंदरात परतली आणि दुरुस्त झाली. तुम्ही बघितलेलं भोक भंगारवाल्यांचं आहे. जहाज बुडाल्यानंतर कित्येक वर्षांनी इंजिनरूमच्या बाजूला सुरुंग लावून तळ फोडला आणि आतलं तांबं पितळ काढून नेलं, कारण पैसा त्यात होता. म्हणजे भोक दिसलं की समजायचं, आपण साधारण यंत्रांच्या भागावर आहोत. एक खूण तुम्हाला न कळत मिळालेली आहे.

आता उलटी का. नोव्हेंबर १९१८ ला शस्त्रसंधी झाल्यावर जर्मन आरमाराची ७४ जहाजं स्कापामधे आणून ठेवली. नजरकैदच म्हणा, खलाशांना किनाऱ्यावर उतरायची पण परवानगी नव्हती. सात महिने असे गेले. या आरमाराचा जर्मन प्रमुख रिअर ॲडमिरल लुडविग फॉन रॉयटरला वाटत होतं की तहाची मुदत संपली की ब्रिटिश जहाजं ताब्यात घेणार. २१ जून १९१९ ला सकाळी पहारा देणारी ब्रिटिश जहाजं सरावासाठी बाहेर समुद्रात गेली आणि त्याने आधी ठरलेला इशारा दिला. तळाचे व्हॉल्व्ह उघडले, खिडक्या आणि आतले दरवाजे उघडे ठेवले, की पाणी कुठे अडूच नये. दुपारी बाराच्या सुमाराला पहिलं मोठं जहाज गेलं आणि संध्याकाळी पाचला शेवटचं, हिंडेनबुर्ग. ७४ पैकी ५२ बुडाली. शाळेची मुलं त्याच दिवशी बोटीतून हे आरमार बघायला आली होती, त्यांच्या डोळ्यांसमोर हे घडलं. मला या सगळ्या प्रकरणात ती मुलंच सगळ्यात जास्त आठवतात.

युद्धनौकेचं वजन कुठे असतं बघा. क्योनिग वर्गाच्या या जहाजांवर ३०.५ सेंमीच्या दहा तोफा, पाच बुरुजांमधे (फिरत्या तोफघरांमधे), सगळ्या डेकच्या वर, शिवाय बुरुजांचं चिलखत. आत पाणी शिरून एका बाजूला भार गेला की वरचा हा डोलारा जहाजाला पालथं करतो. हलक्या क्रूझर होत्या त्या कुशीवर पडल्या, मोठ्या तिन्ही (क्योनिग, मार्कग्राफ, क्रोनप्रिन्झ) पालथ्या झाल्या.

तर तुमची "भिंत" वरून खाली अशी वाचायची. सगळ्यात वर तळ, म्हणजे जो भाग बांधल्यानंतर फक्त गोदीतल्या लोकांनी बघितला असेल. थोडं खाली आलात की लांबलचक पात्यासारखा पत्रा बाहेर आलेला दिसेल, ते बिल्ज कील, जहाज डुलू नये म्हणून असतं. त्याच्या खाली चिलखताचा पट्टा, जाडीला ३५० मिलिमीटरपर्यंत, जिथे कड उघडी पडलीय तिथे टॉर्च मारून जाडी बघाच. आणि अजून खाली, जवळजवळ समुद्रतळाशी, केसमेट म्हणजे कुशीतल्या १५ सेंमीच्या तोफांच्या खोल्या. तोफा अजून आहेत. मागच्या टोकाला जोडीने दोन सुकाणू आहेत, प्रोपेलरचे पंखे मात्र कधीच काढून नेले. तुम्ही बहुतेक सगळा वेळ वरच्या दोन थरांत घालवलात, म्हणून काही "दिसलं" नाही.

जुना_रील:
आत जायच्या प्रश्नावर मी लिहितो कारण यात हयगय नको.

बडीला नाही म्हटलंत ते अगदी बरोबर केलंत. साध्या रेक (बुडालेल्या जहाजांवरच्या) डायव्हिंग कोर्सची मर्यादा अशी की उजेड दिसत राहिला पाहिजे आणि खोली अधिक आत गेलेलं अंतर मिळून ४० मीटरच्या वर जायचं नाही. क्रोनप्रिन्झचा समुद्रतळ ३८ मीटरच्या आसपास. तुम्ही ३५ वर असाल तर हिशोबाने पाच मीटर उरतात, म्हणजे दारात डोकावण्याइतकंच.

हवेचं गणित पण करून बघा. ३५ मीटरवर दाब साडेचार बार. पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर लागत असतील तर तिथे ९० लागतात, थंडीत आणि घाबरल्यावर अजून जास्त. १२ लिटरची एक टाकी २०० बारला भरली तर २४०० लिटर. आत जाताना तृतीयांशाचा नियम, एक भाग जायला, एक यायला, एक तुमच्या आणि बडीच्या संकटासाठी. म्हणजे जायला ८०० लिटर, नऊ मिनिटंसुद्धा नाहीत. म्हणून तिथे ट्विनसेट (दोन टाक्या जोडलेला संच) घेऊन जाणारे जास्त दिसतात.

पण हवेपेक्षा मला गाळाची भीती जास्त वाटते. खूप वर्षांपूर्वी एका मालवाहू जहाजात, ते तर सरळ उभं होतं, मी आणि माझा बडी एका खोलीत शिरलो, पाच मीटर पण नसेल, आणि परतीच्या दोरीचं रील बाहेर बांधलेलं नव्हतं कारण दार तर दिसतंय ना. आमच्या बुडबुड्यांनीच छतावरचा गंज सुटून खाली यायला लागला, मग फिनने खालचा गाळ उठला आणि दहा सेकंदात मला माझा गेज मास्कला टेकवला तरी वाचता येईना. भिंतीला हात लावून लावून बाहेर आलो. दोन मिनिटंच लागली असतील पण ती दोन मिनिटं मला अजून आठवतात, त्यानंतर दोरी बांधल्याशिवाय मी कुठेही डोकं घातलेलं नाही. आता हेच उलट्या जहाजात विचार करा, जमीन डोक्यावर, जिने उलटे, दाराचे उंबरठे वरच्या बाजूला, नकाशा पाठ असला तरी मेंदू गोंधळतो. आणि शंभर वर्षं गंजलेलं पोलाद वर लटकतंय.

आत जाणारे लोक आहेत, ते वेगळं शिक्षण घेऊन, वर्षानुवर्षं तयारी करून जातात. तुम्हाला जे बघायचंय ते वरती ताईंनी लिहिलंय त्याप्रमाणे बाहेरूनच दिसतं.

मिश्रणाचं राहिलं. ३८ मीटरसाठी ३२ टक्के नायट्रॉक्स (जास्त ऑक्सिजनची हवा) नको, ऑक्सिजनच्या दाबाची मर्यादा १.४ बार धरली तर त्याची मर्यादा ३४ च्याही जरा आतच संपते. २८ टक्के घ्या, ते ४० पर्यंत चालतं.

सागरगोटा:
मी एकच सुचवेन, पुढच्या वेळी आधी क्रूझर करा. ब्रुमर किंवा क्योल्न, तिथल्याच जर्मन हलक्या क्रूझर. कुशीवर पडल्यात त्यामुळे डोकं नुसतं बाजूला कलतं केलं की जहाज "जहाज" दिसतं, डेक भिंतीसारखी उभी, तोफ बाहेर आलेली. नजर तयार होते आणि मग क्रोनप्रिन्झवर गेलात की बराच फरक पडतो. ब्रुमरची गोष्ट आधी वाचून जा, ऑक्टोबर १९१७ मधे हिने आणि ब्रेम्झेने मिळून नॉर्वेकडून येणाऱ्या ताफ्यावर हल्ला केला, दोन ब्रिटिश विनाशिका आणि नऊ व्यापारी जहाजं बुडवली. तीच ब्रुमर इतकी शांत पडलेली बघून मी तरंगत नुसता थांबलो होतो.

खोलपाणी:
तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार, विशेषतः भिंत वरून खाली वाचायचं जे सांगितलंत ते. मी गोप्रोचं रेकॉर्डिंग परत काढून बघितलं आणि दुसऱ्या डाइव्हच्या सुरुवातीला ते पातं स्पष्ट दिसतंय!! मी त्यावरून हात फिरवत गेलोय आणि मला वाटत होतं तुटलेला पत्रा आहे.

अजून एक विचारायचंय. आमच्या बोटीवर एकजण म्हणत होता की तळाशी चिनीमातीचे तुकडे, पितळी वस्तू पडलेल्या असतात, एखादी छोटी वस्तू आणली तर कोणाला काय फरक पडतो. मला ते पटलं नाही पण उत्तर पण देता आलं नाही.

इतिहासवेडी:
उत्तर कायद्याचं पण आहे. तिथे तळाशी उरलेली ती सातही जर्मन जहाजं २००१ पासून संरक्षित स्मारकं आहेत, डाइव्ह करायला मुभा, काही उचलायला किंवा मोडायला नाही. तिथेच रॉयल ओक ही ब्रिटिश युद्धनौका आहे, १४ ऑक्टोबर १९३९ ला जर्मन पाणबुडी यू-४७ ने बुडवलेलं, आठशेच्या वर माणसं गेली, आणि १९१७ मधे स्फोट होऊन बुडालेलं ब्रिटिश व्हॅनगार्ड, तिथेही आठशेच्या वर. या दोन्हींवर डायव्हिंगलाच बंदी आहे, ती कबरी आहेत.

जर्मन जहाजांवर तसं कोणी आत अडकून गेलं नाही असं लोक म्हणतात, म्हणून त्यांना वाटतं काही नेलं तर चालेल. पण त्या दिवशी नऊ जर्मन मारले गेले, मार्कग्राफचा कप्तान त्यातलाच. ऑर्कनीतल्याच लाइनेसच्या दफनभूमीत त्यांच्या कबरी आहेत. आणि त्या बशीच्या तुकड्याचं म्हणाल तर तो जिथे पडलाय तिथे तो सांगतो की इथे खलाशांची जेवायची जागा असेल, कपाटात ठेवला की तो फक्त तुकडा.

पुढच्या वेळी वाऱ्यामुळे एखादा दिवस डायव्हिंग रद्द झालं, तिकडे होतंच, तर लाइनेसला जाऊन या.

जुना_रील:
आणि केसमेटच्या तोफा बघायला खाली जाल तेव्हा सुरुवातच तिथून करा, मग हळूहळू वर तळाकडे या. उलटं केलंत तर सगळ्यात खोल भाग शेवटी येतो, तेव्हा हवा पण कमी आणि नो-डेको (वर येताना थांबे न घेता खाली राहायची वेळ) पण संपलेलं. हातात अरुंद झोताचा टॉर्च हवा, रुंद झोत त्या पाण्यात नुसता धुक्यासारखा पसरतो. तोफ सापडली की जवळ जाऊन तळाला टेकू नका, दोन मीटर लांब थांबा, नाहीतर मागून येणाऱ्याला गाळच दिसेल.