अणुभट्टीतलं ज्ञान वाया गेलं नाही

नॉर्वेचे अणुशास्त्रज्ञ हेन्रिक आगर-हान्सेन अणुविज्ञान सोडून स्टॅटऑइल या तिथल्या सरकारी तेल कंपनीत वरच्या पदावर गेले म्हणजे इतक्या वर्षांचा अभ्यास पाण्यात गेला, असं कुणी म्हटलं तर ते मला अजिबात पटत नाही. तेलाच्या आधी नॉर्वेकडे अणुभट्ट्या होत्या: शेलर इथली १९५१ ची, हाल्डन इथली १९५९ ची. उत्तर समुद्रातल्या एकोफिस्क क्षेत्रात तेल सापडलं १९६९ च्या अखेरीस, स्टॅटऑइल स्थापन झाली १९७२ मध्ये. मोठी, जोखमीची यंत्रणा चालवायचा अनुभव असलेली माणसं आणायची कुठून? ती शेलरच्या अणुसंशोधन संस्थेतच होती.

आणि फक्त माणसंच नाही, गणितही तिथूनच आलं. अणुभट्टीच्या नळीत पाणी आणि वाफ एकत्र वाहतात, समुद्रतळाच्या पाइपात तेल आणि वायू. शेलरच्या त्याच संस्थेत १९८० च्या सुमारास स्टॅटऑइलसाठी पाइपातल्या अशा एकत्र प्रवाहाचं गणित करणारा 'ओल्गा' हा संगणक प्रोग्रॅम तयार होऊ लागला. मी तो रोज वापरते. पाइपाच्या चढाच्या तळाशी द्रव साचतो, मागे वायू तुंबतो, मग लोंढा एकदम सुटतो. पडद्यावर दाबाची रेघ करवतीच्या दात्यांसारखी उमटते. नॉर्वेच्या स्नोव्हिट या समुद्री वायुक्षेत्राचा वायू समुद्रावर एकही प्लॅटफॉर्म नसताना सुमारे १४० किलोमीटर वाहत थेट मेल्कोया बेटावर येतो, तो असल्याच गणिताच्या भरवशावर.