जीपमधल्या मीटरचा उजेड रात्री डोळ्यात जातोय, कमी कसा करू?

मंडळी मदत हवी आहे. जुन्या डिझेल जीपमध्ये बाहेरून आणलेले ५२ मिमीचे दोन मीटर बसवलेत, ऑइल प्रेशर आणि पाण्याचं टेम्परेचर. दिवसा झकास, पण रात्री घाटात लाइट लावले की समोरच्या काचेत दोन पांढरे चंद्र उगवतात आणि वळणावर रस्ता कमी नि हे चंद्रच जास्त दिसतात.

वायरी चार आहेत, लाल इग्निशनला, काळी अर्थ (म्हणजे निगेटिव्ह), हिरवी सेन्सरची आणि नारिंगी लाइटची, ती पार्किंग लाइटवर घेतलीये. गाडीत मुळात डिमरच नाही, त्यामुळे त्याला जोड असं कृपया सांगू नका.

नारिंगी वायरीत ४७० ओहमचा रेझिस्टर टाकला, ढिम्म फरक नाही. मग १ किलोओहमचा पॉट (फिरवून कमीजास्त करायचा रेझिस्टर) लावला तर बराच वेळ तसंच आणि मग एकदम लुकलुक होऊन बंद, म्हणजे आत स्वतःचं काहीतरी सर्किट असणार. काळी फिल्म चिकटवली तर दिवसा आकडे दिसेनात (काढताना बोटं चिकट झाली ती वेगळीच). शेवटी पीडब्ल्यूएम डिमर (लाइट भराभर चालू-बंद करून उजेड कमी करणारा) आणला, पण तो निगेटिव्ह बाजू तोडतो आणि मीटरला लाइट नि सेन्सरचा अर्थ एकच, त्यामुळे काटाच नाचायला लागला.

मीटर उघडायचा नाहीये, रिंग दाबून बसवलेली आहे. इंजिन चालू असताना व्होल्टेज १४.२ येतं.

तर पॉझिटिव्ह बाजूने तोडणारा डिमर नारिंगी वायरीत चालेल का, की आतल्या सर्किटमुळे तोही लुकलुकेल? कोणी लावला असेल तर फ्रिक्वेन्सी किती ठेवलीत?