मदत हवी आहे: ब्लीच केलं आणि केस झेंडू झाले!

मैत्रिणींनो, लातूरहून लिहितेय. तीन वर्षं काळा डाय लावत होते. परवा घरीच २० व्हॉल्यूम डेव्हलपर (ब्लीचमध्ये मिसळायचं पेरॉक्साइड) घेऊन ब्लीच केलं. मुळाशी पिवळे, मधे चक्क झेंडू, टोकं अजून काळपटच! सासूबाई म्हणाल्या, "मेंदी छान रंगली गं." काय बोलणार? जांभळा शॅम्पू दोनदा लावला. तो पिवळेपणावर चालतो, नारिंगीला निळा लागतो, हे नंतर कळलं. आता निळा शॅम्पू पुरेल का अ‍ॅश टोनरच (नारिंगी झाक मारणारा राखाडी छटेचा रंग) लावू? पुन्हा ब्लीच नकोच, ओले केस रबरासारखे ताणले जातायत. त्यात आमच्याकडे बोअरचं क्षाराचं पाणी, त्यानं रंग अजून बिघडेल का? रविवारी अंबाजोगाईला नणंदेच्या घरचं लग्न आहे. कुणी निस्तरलंय का असलं?