फॅनफिक वाचून कुणी खरं सांगितलं तेव्हा... तुमचे अनुभव लिहा

परवा एका मैत्रिणीची फॅनफिक (म्हणजे आवडत्या पुस्तकातली, मालिकेतली पात्रं घेऊन चाहत्याने लिहिलेली गोष्ट) वाचली, 'मस्तच गं!' असं कळवून मोकळी झाले आणि मग मलाच रुखरुख लागली. मधला भाग पार झोपलाय, हे मी गिळून टाकलं होतं. तुम्ही अशा वेळी काय करता? ऐकून घेतलेलं, ऐकवलेलं, दोन्ही लिहा. उपदेश नकोत, किस्से हवेत.

*

मी शेरलॉक होम्सच्या नव्या गोष्टी मराठीत लिहिते. इंग्रजीतल्या 'यू'ला आपल्याकडे तू की तुम्ही, हे पहिल्याच पानावर ठरवावं लागतं. एका घरात राहणारे, पण एकमेकांना आडनावाने हाक मारणारे दोन पुरुष! मी अरे-तुरे केलं. होम्स म्हणतो, "अरे वॉटसन, ती छत्री बघ ना जरा." माझी बीटा रीडर, म्हणजे कच्चा खर्डा आधी वाचून चुका सांगणारी, माझी मावशी, निवृत्त शिक्षिका. तिने समासात पेन्सिलीने लिहिलं, "अरे-तुरे चालेल. 'बघ ना जरा' काढ. हा माणूस आर्जवं करत नाही." मी फुगून बसले. पुढे आणखी खूण होती: "इथे वॉटसनच्या आधी मला कळलं." तिथे तर काही बोलायलाच जागा नव्हती. आता ते वाक्य असं आहे: "वॉटसन, छत्री."

*

माझी फजिती ऐका. एकाच्या कथेत वॉटसन लंगडत होता. मी तडक लिहिलं, 'जखम खांद्याला होती, मूळ पुस्तक वाचलंत का?' उत्तर आलं, '१८८७ च्या पहिल्या कादंबरीत खांदा, १८९० च्या दुसरीत पाय. आपण दुसरी वाचली असेलच.' गोंधळ खुद्द कॉनन डॉयलचा, दात मात्र माझे घशात! तेव्हापासून 'चुकलंय' लिहीत नाही, 'हे मुद्दाम केलंय का?' असं विचारतो.

*

मी एओथ्री या फॅनफिकच्या साइटवर इंग्रजीत लिहिते. तिथे न मागता चुका काढणं बरेच जण उद्धटपणा समजतात. हवं असेल तर लेखकाने टिपेत तसं सांगायचं. मी सांगितलं. सहा महिन्यांत सूचना एकच, वाक्यं लांब आहेत. बाकी सगळे कुडोस, म्हणजे बदामाचं बटण दाबून दिलेली शाबासकी. त्या बदामाचं काय लोणचं घालू?

*

बारा वर्षांच्या भाच्याने फास्टर फेणेची गोष्ट लिहून आणली. बन्या मोबाइलवर लोकेशन बघून चोर पकडतो. मी म्हटलं, "मग सायकल कशाला रे?" त्याचा चेहरा पडला. मला वाटलं, संपलं, आता काही हा लिहीत नाही. चार दिवसांनी वही पुन्हा समोर. मोबाइलची बॅटरी संपलेली, सायकलची चेन पडलेली, बन्याचे हात ग्रीसने काळे, आणि फुरसुंगीचा रस्ता अंधारात. "मामा, आता?" अंगावर काटा आला हो! तीन पानांत अकरा वेळा 'ट्टॉक' होतं. त्याबद्दल बोललो नाही. (बोलायला हवं होतं का?)

*

माझा अनुभव कडू आहे. 'नायिका म्हणजे तूच आहेस, नुसती मेरी सू', एवढंच लिहून एक जण गेला. सगळ्यात सरस, कधीच न चुकणाऱ्या नायिकेला चिकटवलं जाणारं हे नाव १९७३ च्या, स्टार ट्रेकच्या फॅनफिकची खिल्ली उडवणाऱ्या एका कथेतलं, हे नंतर कळलं. दीड वर्ष लिहिलं नाही. आता वाचते तर मुद्दा बरोबर होता, नायिकेला कुठे साधी ठेचही लागत नाही. पण कुठल्या प्रसंगात ती खोटी वाटते, हे एका ओळीत सांगितलं असतं तर तेव्हाच दुरुस्त केलं असतं. राग अजून आहे, लपवत नाही.

*

धागा काढणारी मीच. हे सगळं वाचून मैत्रिणीला फोन लावला. मी घसा खाकरते आहे तोवर तीच म्हणाली, "नवव्या पानापासून ना? अगं, तू 'मस्तच' म्हणालीस तेव्हाच कळलं मला. आवडलं की तू भांडतेस."