लँकॅस्टरच्या चित्रात खाली काहीच का नसतं?

एल्बेकाठची
परवा इथे एकांनी दुसऱ्या महायुद्धातल्या लँकॅस्टर या सात जणांच्या ब्रिटिश बाँबर विमानाचं चित्र टाकलं. मावळता सूर्य, ढगांना केशरी कडा, आणि खाली ओळ: 'या सात वीरांना चित्रकाराने दिलेला खरा न्याय.' दोन दिवस गप्प बसले, आता राहवत नाही. मी अकरा वर्षं हॅम्बुर्गला राहते. कामावर जाताना रोज सेंट निकोलायचा मनोरा दिसतो. १९४३च्या जुलैत ब्रिटिश विमानं याच मनोऱ्याची खूण धरून यायची. चर्च पडलं, मनोरा उरला. २७ जुलैच्या रात्री हामरब्रूक भागात आगीचं वादळ उठलं. रस्त्याचं डांबर वितळलं आणि पळणाऱ्यांचे पाय त्यात रुतले. त्या काही दिवसांत ३५ हजारांच्या आसपास माणसं गेली. आणि चित्रात विमानाखाली काय? पिंजलेल्या कापसासारखे ढग. हा न्याय?

लोहपंख
चित्र मी टाकलं, उत्तरही मीच देतो. बाँबर कमांड या ब्रिटिश हवाई दलाच्या विभागातून सुमारे १,२५,००० जण उडाले, ५५,५७३ मेले. शंभरातले चव्वेचाळीस! बहुतेक विशीतली पोरं. शेपटातला गनर सात-आठ तास एकटा, गोठत बसलेला. नीट दिसावं म्हणून कित्येकांनी समोरची काचच काढून टाकली होती. युद्ध संपल्यावर १३ मे १९४५च्या भाषणात चर्चिलने त्यांच्या मोहिमेचा उल्लेखही टाळला. लंडनच्या ग्रीन पार्कमध्ये स्मारक उभं राहिलं २०१२ला. मधल्या ६७ वर्षांत त्यांची आठवण कोणी धरून ठेवली? याच चित्रकारांनी. म्हाताऱ्या क्रूने थरथरत्या हाताने त्या छापील प्रतींवर सह्या केल्यात. आणि रॉटरडॅम, कोव्हेंट्री ही शहरं जर्मनांनी जाळली, तेही लिहा की.

एल्बेकाठची
हामरब्रूकच्या शाळकरी पोरांनी नाही जाळली. मेलेल्या गनरबद्दल मला तुमच्याइतकंच वाईट वाटतं. माझं भांडण चित्राशी आहे. मोहिमा रात्रीच्या, मग दर चित्रात संध्याकाळ कशी?

लोहपंख
कारण विमानं निघायची संध्याकाळी. रात्री काळ्या पोटाचं विमान काळ्या आभाळात रंगवणार कसं? बरं, एवढं मान्य करतो की जळतं शहर दिवाणखान्यात कोणी टांगत नाही, म्हणून ते फारसं काढलंही जात नाही.

पान्हेवाला
तुमचं आभाळ आणि शहर चालू दे, पण जमिनीवरच्यांचं काय? बाबा लोहगावला लिबरेटर या अमेरिकन बनावटीच्या बाँबरवर फिटर होते. ब्रिटिशांनी कानपूरला निकामी करून टाकलेली ही विमानं एचएएल या आपल्या विमान कंपनीने उभी केली आणि आपल्या हवाई दलाने १९६८पर्यंत उडवली. एका इंजिनाला चौदा सिलिंडर, प्रत्येकाला दोन स्पार्क प्लग. चार इंजिनांचे एकशेबारा प्लग! बाबांच्या मनगटावर चटक्याचा डाग शेवटपर्यंत होता. मी त्यांना असंच एक चित्र फ्रेम करून दिलं. बराच वेळ बघत बसले आणि म्हणाले, "धावपट्टीवर कोणीच नाही रे. चॉक कोणी काढले?" चॉक म्हणजे चाकाखालचे अडसर. तेव्हापासून असं चित्र दिसलं की मी आधी जमीन बघतो.

स्केल७२
पान्हेवाले, ग्राउंड क्रूची चित्रकला बघायची असेल तर लंडनच्या आरएएफ म्युझियममधली आर५८६८ बघा. शंभराहून जास्त मोहिमा केलेलं लँकॅस्टर. नाकाडावर प्रत्येक मोहिमेचा एकेक छोटा बाँब, ओळीने रंगवलेला. विमान परत आलं की शिडी लावून एक वाढवायचा. मी पाऊण तास तिथून हललो नाही. आणि लँकॅस्टरवर आपले भारतीयही होते. नेव्हिगेटर सुखठणकरांना डीएफसी हे शौर्यपदक मिळालं, त्यांचं चित्र मला अजून कुठे दिसलेलं नाही.

एल्बेकाठची
तुम्हाला त्या ओळीत परत आलेली विमानं दिसतात. मला त्या एकेका बाँबखाली गल्ल्या दिसतात.

लोहपंख
बाई, आता अति होतंय. मेलेल्यांच्या सह्यांवर चिखल उडवताय तुम्ही. ग्रीन पार्कच्या स्मारकावर काय कोरलंय ते तरी वाचा. १९३९ ते १९४५च्या बाँबफेकीत मेलेल्या सगळ्या देशांच्या लोकांची आठवण तिथे आहे.

एल्बेकाठची
चिखल मी उडवलेला नाही, शब्द मागे घ्या. ती ओळ मला माहीत नव्हती, हे कबूल करते. पण दगडावर जमलं ते कॅनव्हासवर का जमू नये? ढगाला एक भोक पाडून खालचा लाल उजेड दाखवा. सातही जण विमानातच राहू देत.

लोहपंख
'चिखल' मागे घेतो. बाकीचं नाही. तसं चित्र कोणी काढलं तर विकत घेईन की नाही, सांगता येत नाही. बघेन मात्र नक्की.

स्केल७२
पान्हेवाले, बाबांचा त्या काळातला फोटो आहे का? लिबरेटरचं मॉडेल अर्धं झालंय. खाली माणसं ठेवायचीत.

पान्हेवाला
एकच आहे. चाकाजवळ उभे आहेत, चॉकची दोरी हातात. कोपरा वाळवीने खाल्लाय, पण चेहरा शाबूत आहे. उद्या स्कॅन करून टाकतो.