अनुभव धागा: नेटवरचा कोड आणि तुमचं ऑफिस

दापोलीपासून सावंतवाडीपर्यंत कोड लिहिणारे बरेच जण आहेत. कोणी रत्नागिरीतल्या चार माणसांच्या ऑफिसात, कोणी घरच्या ओटीवर बसून पुण्या-बंगळूरच्या कंपनीत. नेटवर सापडलेला कोड वापरला तर तुमच्याकडे काय म्हणतात? मनमोकळं लिहा, फक्त कंपन्यांची नावं नकोत.

रत्नागिरीहून
आम्ही आंबा बागायतदारांसाठी हिशेबाचं सॉफ्टवेअर करतो. पेट्या, हमाली, भाडं, वाशीच्या दलालाची पट्टी. मालकांचं धोरण एवढंच: "सीझन तोंडावर आलाय, चालतंय ना?" मध्ये एका मुलाने रक्कम अक्षरी लिहिणारं फंक्शन नेटवरून घेतलं. होतं परदेशी. १,२५,००० रुपये छापून आले 'वन हंड्रेड ट्वेंटी फाइव्ह थाउजंड'! हिशेबनीस काकांनी कागद परत धाडला, "बागायतदार यात लाख कुठे शोधणार?" तेव्हापासून बाहेरचा कोड आधी काकांसमोर चालवून दाखवावा लागतो. परवाना, म्हणजे तो कोड कोणत्या अटींवर वापरता येतो, हे अजून कोणी विचारलेलं नाही.

कुडाळहून, घरून काम
आमच्याकडे उलट. परवान्याशिवाय ओळ आत येत नाही. स्टॅक ओव्हरफ्लो या प्रश्नोत्तरांच्या साइटवरची मे २०१८ पासूनची उत्तरं सीसी बाय-एसए ४.० या परवान्याखाली आहेत, म्हणजे श्रेय द्यायचं आणि बदललेला कोड पुढे कोणाला दिला तर त्याच अटींवर. कायदा विभाग म्हणतो, नकोच. एमआयटी परवाना चालतो, फक्त मूळ कॉपीराइटची सूचना ठेवायची. जीपीएल परवान्याचा कोड घालून प्रोग्रॅम ग्राहकाला दिला तर आपला सोर्स कोडही द्यावा लागतो, म्हणून त्याच्या वाऱ्यालाही उभे राहत नाहीत. गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर परवानाच लिहिलेला नसेल तर तो कोड फुकट आहे, हा नव्या मुलांचा लाडका गैरसमज. आणि सीनियर काय करतात? व्हेरिएबलची नावं बदलून तेच टाइप करतात. त्याने कोड सोवळा होतो म्हणे!

देवगडहून
मी एकटाच, साहेबही मीच. कोडच्या डोक्यावर लिंक टाकतो. पुढे मलाच लागते.

चिपळूणहून
कुडाळकर, तुमच्याकडे निदान नियम तरी आहे. माझ्या आधीच्या ऑफिसात नुसती लाज होती. सर सगळ्यांदेखत म्हणायचे, "नेटवरूनच घ्यायचं तर तुम्हाला पगार कशाला?" मग पोरं घ्यायची तेवढंच, फक्त लिंक पुसून टाकायची. लायब्ररीच्या, म्हणजे इतरांनी लिहिलेल्या तयार कोडच्या, फाइलीसुद्धा गुपचूप फोल्डरमध्ये टाकलेल्या. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या जावा लायब्ररीतलं सुरक्षेचं भगदाड उघड झालं. ग्राहकांचे फोन सुरू, "तुमच्यात ती आहे का?" यादीच नव्हती, सांगणार काय? रात्र रात्र फोल्डर उपसले. एकाच लायब्ररीच्या वेगवेगळ्या आवृत्त्या सापडल्या आणि कोणी आणल्या ते कोणी कबूल करेना. सरांनी त्यावरही ओरडाच केला, म्हणजे पुढच्या वेळीही कोणी सांगणार नाही.

मालवणहून
आमचे टीमलीड काका एकच विचारतात, "ह्या खयसून हाडलंस?" रागाने नाही. त्यांना मूळ उत्तराखालच्या कॉमेंट वाचायच्या असतात. 'ही पद्धत आता वापरू नका' असं तिथेच कोणीतरी लिहिलेलं सापडतं, आणि घाईत नेमकं तेच कोणी वाचत नाही. हल्ली मुलं एआयकडून कोड घेतात, त्याखाली कॉमेंट कुठल्या? त्यावरून काकांचं आणि मॅनेजरचं अजून जमलेलं नाही. मॅनेजर म्हणतो, टेस्ट पास झाल्या ना, सोडा. काका सोडत नाहीत.