घरी कॅमेरा बसवताना काय अडलं, कसं सुटलं?

गेल्या गणपतीला गावी गेले तेव्हा संगमेश्वरच्या घरी दोन वायफाय कॅमेरे लावून आले. एक पडवीत, दुसरा मागच्या परसात विहिरीकडे तोंड करून. चोरीची तशी भीती नाही. बाबा पहाटे अंधारात पंप लावायला विहिरीवर जातात, वय शहात्तर, पावसाळ्यात पायऱ्यांवर शेवाळ. पुण्यात बसून तेवढंच डोळ्यांसमोर यायचं.

पहिले दोन दिवस कॅमेरा जोडलाच जाईना. फोनवरचा क्यूआर कोड कॅमेऱ्यासमोर धरायचा, तो ‘टुंग’ करायचा आणि मिनिटभराने पुन्हा लाल दिवा. पासवर्ड तीनतीनदा तपासला. शेवटी कळलं की आमचे कॅमेरे फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, आणि राउटरने २.४ आणि ५ या दोन्ही पट्ट्यांना एकच नाव दिलेलं. फोन ५ वर होता. राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन दोन्हींची नावं वेगळी केली, फोन २.४ वर आणला, आणि दोन्ही कॅमेरे पाच मिनिटांत लागले.

परसातल्या कॅमेऱ्याचं दुखणं वेगळं. मध्ये जांभ्याच्या दोन जाड भिंती. चित्र यायचं ते थिजलेलं, बाबा विहिरीपाशी एक पाय उचलून तसेच उभे. ते बघून पोटात गोळा यायचा. मग पडवीतल्या राउटरपासून माजघरातून लॅनची (घरच्या नेटवर्कची) केबल मागच्या दारापर्यंत ओढली आणि तिथे जुना राउटर लावला. जुन्या राउटरचं डीएचसीपी (उपकरणांना आपोआप पत्ते वाटण्याची सोय) बंद केलं, त्याचा आयपी (नेटवर्कमधला पत्ता) बदलला आणि केबल वॅनऐवजी (बाहेरचं इंटरनेट येतं ते भोक) लॅनच्या भोकात घातली. एवढं केल्यावर चित्र वाहतं झालं.

तुम्हीही लिहा. कुठे अडलात, किती दिवस गेले, कोणी सोडवलं. अजून सुटलं नसेल तर तेही लिहा, इथे कुणाला तरी माहीत असेल.

नाशिक

आमच्या बंगल्याच्या फाटकाकडचा कॅमेरा दिवसा स्वच्छ दिसे आणि रात्री सगळं पांढरं धुकं. कॅमेरा बदलून आणला, नव्याचीही तीच गत. मग एका रात्री टॉर्च घेऊन शिडीवर चढले. छज्ज्याखाली भिंतीला अगदी चिकटून बसवला होता, आणि काचेसमोर कोळ्याचं जाळं. कॅमेऱ्याचा इन्फ्रारेड (डोळ्यांना न दिसणारा) उजेड चुन्याच्या पांढऱ्या भिंतीवर आणि जाळ्यावर आपटून परत काचेत शिरत होता. तिथे किडे येतात आणि किड्यांमागे कोळी. कॅमेरा वीतभर पुढे घेतला. दर पंधरा दिवसांनी काठीला फडकं बांधून काच पुसते. नवा घेण्याआधी एवढं जरूर बघा.

न्यू जर्सी

आई सांगलीला एकटी असते. जुना डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारा डबा) होता, तो इथून दिसावा म्हणून मी पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आत यायला राउटरमध्ये वाट उघडणं) करत बसलो. तीन शनिवार गेले. तिकडे आईची रात्र व्हायची, ती बिचारी झोप आवरून राउटर बंद-चालू करायची. शेवटी राउटरमधला वॅन आयपी (इंटरनेटवाल्याने राउटरला दिलेला पत्ता) बघितला, तो १००.६४ ने सुरू होत होता, आणि बाहेरच्या संकेतस्थळावर दिसणारा आयपी निराळाच. म्हणजे इंटरनेटवाला एकच पब्लिक आयपी बऱ्याच गिऱ्हाइकांत वाटतो. याला सीजीनॅट म्हणतात. तिथे राउटरमध्ये कितीही पोर्ट उघडा, बाहेरून कुणी आत येऊच शकत नाही. ज्यांचा वॅन आयपी १००.६४ ते १००.१२७ यांच्यामध्ये पडतो त्यांनी पोर्टचा नाद सोडावा. महिन्याचे जास्तीचे पैसे भरून स्टॅटिक आयपी (न बदलणारा, आपला स्वतंत्र पत्ता) घ्या, किंवा घरातून बाहेर जोडणी करणारा व्हीपीएन (इंटरनेटवरून जाणारी खाजगी वाट) लावा. मी दुसरं केलं.

आता वाटतं, पोर्ट उघडलं नाही तेच बरं झालं. २०१६ साली मिराई नावाच्या मालवेअरने (घातक सॉफ्टवेअरने) जगभरचे कॅमेरे आणि डीव्हीआर असेच ताब्यात घेतले होते, कंपनीने दिलेले मूळ पासवर्ड कुणी बदलले नव्हते म्हणून.

कोल्हापूर

मी बारा वर्षं हेच काम करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. सगळ्यात जास्त येणारी तक्रार: ‘दिवसभर नीट चालतो, दिवेलागणीला बंद-चालू होतो.’ लोक कॅमेऱ्याला दोष देतात. बहुतेक वेळा दोष केबलचा असतो. अंधार पडला की इन्फ्रारेडचे दिवे लागतात, कॅमेरा जास्त करंट ओढतो. केबल हलकी असली तर टोकाला व्होल्टेज पडतं आणि कॅमेरा रीस्टार्ट होतो. पुन्हा दिवे लागतात, पुन्हा पडतो. रात्रभर हेच.

बाजारात स्वस्त मिळते ती केबल वरून तांब्यासारखी दिसते, आत ॲल्युमिनियम असतं. तार सोलून ब्लेडने खरवडा. खाली पांढरं दिसलं की परत करा. पीओई (नेटवर्कच्या केबलमधूनच कॅमेऱ्याला वीज) करणार असाल तर पूर्ण तांब्याचीच घ्या. तीसुद्धा १०० मीटरच्या आत. आणि आरजे ४५ चं (केबलच्या टोकाच्या प्लगचं) क्रिम्पिंग, म्हणजे तारा दाबून बसवणं, झाल्यावर टेस्टरवर आठही दिवे बघितल्याशिवाय कारागिराला सोडू नका.

अजून एक कळकळीचं सांगतो. नवा पासवर्ड टाकताना आम्हाला खोलीबाहेर उभं करा. गिऱ्हाईक म्हणतं, ‘तुम्हीच ठेवा दादा, आमच्या लक्षात राहत नाही.’ तुमच्या घरात कोण केव्हा असतं ते दाखवणारी वस्तू आहे ती, तिची किल्ली परक्याकडे कशाला? वहीत लिहा, कपाटात ठेवा. घरच्या इतरांना ॲपमधून ‘शेअर’ करा, मुख्य खातं एकाकडेच राहू द्या. जुना कॅमेरा कुणाला देताना आधी तो आपल्या खात्यातून काढा आणि मग रीसेट करा.

डोंबिवली

आमचं तांत्रिक काही बिघडलं नाही, माणसांचं बिघडलं. दारावरचा कॅमेरा समोरच्या काकूंच्या थेट दिवाणखान्यात बघत होता. त्या काही बोलल्या नाहीत, फक्त दार लावून बसायला लागल्या. वीस वर्षांत पहिल्यांदा ते दार दिवसा बंद दिसलं. लक्षात आलं त्याच संध्याकाळी त्यांना घरी बोलावून चित्र दाखवलं, कॅमेरा जिन्याकडे वळवला, उरलेला कोपरा सेटिंगमधून काळा केला आणि आवाजाचं रेकॉर्डिंग बंद केलं. दुसऱ्या दिवशी दार उघडं होतं.

नागपूर

मुलीची सायकल गेली. कॅमेरा चालू, थेट चित्र व्यवस्थित, आणि रेकॉर्डिंग बघायला गेलो तर तीन आठवड्यांपूर्वी थांबलेलं. मेमरी कार्ड मेलं होतं. साधं मोबाइलचं कार्ड घातलेलं. कॅमेरा त्यावर रात्रंदिवस लिहीत राहतो. दोन एमबीपीएसने लिहिलं तरी दिवसाला साधारण २१-२२ जीबी, म्हणजे १२८ जीबीचं कार्ड सहाएक दिवसांत भरून पुन्हा पहिल्यापासून पुसलं जातं. आता ‘हाय एन्ड्युरन्स’ (सतत लिहिणं सोसणारं) लिहिलेलं घेतलंय, आणि दर रविवारी कालचं रेकॉर्डिंग उघडून बघतो.

शेजाऱ्यांच्या कॅमेऱ्यात चोर दिसला, पण वेळ अडीच तास पुढची. पोलिसांना वेळ समजावून सांगतानाच अर्धा तास गेला. कॅमेऱ्याचा टाइम झोन चीनचा, अधिक ८ राहिला होता, आपला अधिक साडेपाच. सायकल मिळाली नाही.

फोंडा, गोवा

ऑक्टोबरच्या विजांत एकाच रात्री राउटर आणि दोन कॅमेरे गेले. आता ढग गडगडले की केबल आणि प्लग दोन्ही काढून ठेवतो.

संगमेश्वर / पुणे (धागा काढणारी)

नागपूरचं वाचून लगेच तपासलं. परसातल्या कॅमेऱ्याची वेळ अडीच तास पुढेच होती! दुरुस्त केली. एक जुनं दुखणं सांगायचं राहिलं होतं. लाइट जाऊन आली की राउटरच्या आधी कॅमेरा उठायचा, नेटवर्क न मिळून तसाच बसायचा, आणि बाबांना त्याचा प्लग काढून घालावा लागायचा. राउटरला आणि फायबरच्या डब्याला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावल्यापासून ते थांबलं.

विहिरीच्या कॅमेऱ्यालाही वायफायऐवजी केबलच द्यावी म्हणते. राउटरपासून पस्तीस मीटर होईल. कोल्हापूरकर दादा, भिंतीतून बाहेर काढताना काय बघू?

कोल्हापूर

ताई, आधी कॅमेऱ्याला लॅनचं भोक आहे का ते बघा, नुसत्या वायफायच्या कॅमेऱ्याला केबल जोडता येत नाही. पस्तीस मीटरला काही अडचण नाही. वाशांखालून पाइपमधून न्या. भिंतीचं भोक बाहेरच्या बाजूला उतरतं पाडा, नाहीतर पावसाचं पाणी केबलला धरून घरात येतं. कॅमेऱ्यापाशी केबलला खाली एक झोका सोडा, पाणी तिथूनच ठिबकून जाईल. जोड वॉटरप्रूफ डबीत बंद करा. पाऊस उघडल्यावर काम काढा, आणि वर चढायला बाबांना देऊ नका.